जांभळाच्या बियांची परीक्षा

आमच्या घरी जांभळं खाल्ली की बिया फेकायच्या नाहीत, असा दंडक. अम्मी त्या धुऊन सुपात वाळवायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि साखरेचा आजार असलेल्या नातेवाइकांना पुड्या बांधून द्यायची. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या आपांनी त्या पुडीच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली. पाय वाचला, अंगठा गेला.

तेव्हापासून मी, नुसता बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस, जाणकारांना विचारत फिरलो : अशा औषधाची परीक्षा घेतात तरी कशी?

आधी अर्क काढतात. पाण्यात एक द्रव्य उतरतं, अल्कोहोलमध्ये दुसरंच. मग पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांना तो अर्क रोखतो का, हे परीक्षानळीत पाहतात. इथं पुष्कळ झाडपाला पास होतो! पुढे उंदीर. त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच मारतात. आपांचा मधुमेह तसा नव्हे. त्यांच्या अंगात इन्सुलिन होतं, पण ते लागू पडत नव्हतं. म्हणून उंदराची साखर उतरली की लगेच मथळे देऊ नयेत, असं मला वाटतं.

खरी कसोटी माणसांवर. काहींना अर्क, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काही. कुणाला काय दिलं, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी मग निकाल सांगते.

आपलं जांभूळ ब्राझीलमध्येही रुजलं आहे. तिथं मधुमेहावर त्याच्या पानांचा चहा पितात. तिथल्या संशोधकांनी तो उंदरांना आणि निरोगी तरुणांना देऊन पाहिला. २००० साली निष्कर्ष छापला : साखर उतरली नाही. अर्थात ती पानं होती. बियांचा निकाल त्यावरून लागत नाही.

गंमत म्हणजे, आपा आता घेतात त्या मेटफॉर्मिनचं मूळही झाडपाल्यातच आहे. युरोपात गलेगा नावाची वनस्पती आहे. तिच्यातलं गॅलेगिन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच्याच नात्यातलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं. फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते रुग्णांना देऊन १९५७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेनं परवानगी दिली ती थेट १९९४ मध्ये.

अम्मी अजून बिया वाळवते. पुडी हातावर ठेवताना मात्र आधी विचारते, ‘गोळी घेतलीस ना?’