नेमबाजाचा कान



पत्रिकेवर आमच्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून आमच्या युनियन कचेरीतले सहकारी चकित झाले. बोनस, महागाई, कंत्राटी कामगार हे सारे सोडून हा माणूस बंदुकीकडे कोठे वळला? त्यांना आम्ही जे सांगितले तेच येथे सांगतो. बंदुकीशी आमचे देणेघेणे नाही, आमचे देणेघेणे कानाशी आहे. मागांच्या खात्यात उमेद घालविलेली माणसे आम्ही जन्मभर पाहत आलो. ती बोलतात मोठ्याने, ऐकतात समोरच्याच्या ओठांकडे बघून, आणि त्यांच्या घरी टीव्ही लागला की शेजारी खिडक्या लावून घेतो. त्यांचा कान जाण्यास वीस-पंचवीस वर्षे लागली. बंदुकीला तेवढा वेळ लागत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि बंदूक आता काही संस्थानिकांच्या शिकारखान्यातली वस्तू राहिलेली नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक घेतले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीचे कांस्यपदक मिळविले. ते तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. म्हणजे आमच्याच बिरादरीतले! अशी पदके आली की खेड्यापाड्यांतली मुलेमुली रेंजवर जाऊ लागतात, आणि त्यात वावगे काही नाही. एन.सी.सी.ची मुले .२२ ची रायफल हाताळतातच. बालेवाडीच्या रेंजवर पाल्याला घेऊन जाणारे पालकही या सभागृहात असतील. त्या पालकांनी रायफलीची किंमत विचारली असेल, जाकिटाची विचारली असेल. कानाचे काय, हे किती जणांनी विचारले?

प्रथम कान म्हणजे काय ते पाहू. कानाच्या आतल्या भागात शंखासारखी वळलेली एक नळी आहे, आणि तीत सूक्ष्म केसांच्या पेशींच्या ओळी आहेत. एका कानात साऱ्या मिळून सुमारे पंधरा हजार. आवाजाची लाट आली की हे केस पिकासारखे लवतात आणि मेंदूला वर्दी जाते. पिकावर वारा आला तर पीक पुन्हा उभे राहते, गारपीट झाली तर आडवे होते. आणि येथे दुबार पेरणी नाही. माणसाच्या कानातली ही पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. कानाला स्वतःचा एक पहारेकरीही आहे. मध्यकर्णातला इवलासा स्नायू मोठा आवाज होताच आखडतो आणि धक्का थोडा बोथट करतो. परंतु त्याला जागे होण्यास सेकंदाचे काही शतांश लागतात, आणि बंदुकीचा बार त्याच्या आतच होऊन जातो. पहारेकरी दार लावतो तेव्हा चोर घरात शिरलेला असतो.

आता आवाजाच्या मापाकडे वळू. डेसिबल हे माप जरा लबाड आहे. किराणा मालासारखे ते वाढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि वीस वाढले की हवेचा दाब दहापट होतो. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा चालत आली. अमेरिकेतील नायॉश ही कामगार-आरोग्याची सरकारी संशोधनसंस्था ८५ च सांगते. क्षणात होऊन जाणाऱ्या आवाजाला १४० ची कमाल रेषा धरतात. १४० म्हणजे किती? कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या दाबाच्या एक कोटी पट! .२२ ची साधी रायफल, जिला आपण मुलांची बंदूक म्हणतो, ती नेमबाजाच्या कानापाशी या रेषेच्या आसपास असते. आखूड नळीचे पिस्तूल तिच्याही पुढे जाते, कारण नळीचे तोंडच कानाजवळ येते. बारा बोअरची बंदूक आणि मोठ्या काडतुसाची रायफल १५० ते १७० च्या घरात जाते. दहा मीटरच्या हवेच्या बंदुकीचा आवाज पुष्कळ कमी, तिची एवढी धास्ती नको. तरी बंद दालनात दहा-वीस जण तासन् तास मारीत असतील तर तेथेही बोळे घातलेले बरे. मनही ठिकाणावर राहते.

बार झाल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, आत रातकिडे ओरडतात, आणि दुसऱ्या दिवशी सारे निवळते. फसगत येथेच होते. निवळले म्हणजे भरून आले असे नव्हे. पहिला घाव बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे उंच पट्टीवर. स, श, च, थ या अक्षरांची धार जाते. माणसाला वाटते, आपल्याला ऐकू तर येते, लोकच पुटपुटतात! 'सत्तर' म्हटले की 'शहात्तर', पगाराच्या खिडकीवर ह्याच्यासारखा घोटाळा नाही. आणखी एक मौज अशी की उजव्या खांद्यावरून रायफल मारणाऱ्याचा डावा कान अधिक जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला.

ही विद्या काही नवीन नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामाझिनी या इटालियन वैद्याने व्हेनिसच्या तांबटांचे बहिरेपण लिहून ठेवले. आपल्या तांबट आळीत जो ठोका घुमत आला तोच तो ठोका. १८८६ साली ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टराने शंभर बॉयलर-कामगार तपासले. त्यांत धड कानाचा एकही निघाला नाही, आणि बहुतेकांना सार्वजनिक सभेतले भाषण ऐकणे कठीण जात होते. आमच्यासारख्या सभा भरविणाऱ्याला हा आकडा फार लागतो. बहिरा झालेला कामगार प्रथम सभेला येईनासा होतो.

आता निवडीचा प्रश्न. बाजारात गेलात तर दोन जाती दिसतील, कानात जाणारे बोळे आणि कानावर बसणारे इअरमफ. कापसाचा बोळा या दोहोंतही धरू नका. अत्तराला तो ठीक, बंदुकीला नाही. बोट हा वस्तुतः फार चांगला बोळा आहे, परंतु नेमबाजाची बोटे कामात गुंतलेली असतात.

पाकिटावर एक आकडा छापलेला असतो. अमेरिकी मालावर त्याला एन.आर.आर. म्हणतात, युरोपी मालावर एस.एन.आर. या दोन आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नये, मोजण्याची रीत निराळी आहे. गिऱ्हाईक मोठा आकडा पाहून माल उचलते. आमचे सांगणे असे की हा आकडा वेतनकरारातल्या ठळक रकमेसारखा समजावा. हातात किती पडते ते वेगळेच. प्रयोगशाळेत शिकविलेली माणसे, नीट बसविलेले बोळे आणि एकसारखा आवाज, यांवरून तो काढलेला. नायॉशने १९९८ साली सांगितले की प्रत्यक्षाचा अंदाज घेताना इअरमफच्या आकड्यातून पाव भाग वजा करा, फोमच्या बोळ्याच्या आकड्यातून निम्मा आणि बाकीच्या बोळ्यांच्या आकड्यातून सत्तर टक्के. म्हणजे पाहा, ३३ चा फोमचा बोळा साडेसोळावर आला आणि २४ चा इअरमफ अठरावर राहिला. लहान आकड्याने मोठ्याला मागे टाकले. कारण इअरमफ चुकीचा घालणे कठीण आणि बोळा चुकीचा घालणे फार सोपे.

म्हणून बोळा घालायचा कसा, हे थोडे सविस्तर सांगतो. हा पिवळा फोमचा बोळा रॉस गार्डनर या अमेरिकी संशोधकाच्या १९६७ च्या शोधातून आला. त्याचा गुण असा की दाबला की तो सावकाश फुगतो. हात स्वच्छ धुवावे. बोळा चिमटीत वातीसारखा वळावा, सुरकुती राहू देऊ नये. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे आतली वाकडी वाट सरळ होते. मग वात आत सारावी आणि बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवावी. हा अर्धा मिनिटच लोक खातात. नीट बसला असेल तर आपलाच आवाज रांजणात बोलल्यासारखा येतो, आणि तळहातांनी कान झाकले-उघडले तरी बाहेरच्या आवाजात फारसा फरक पडत नाही. फरक पडला तर काढून पुन्हा घालावा.

इअरमफची खोड वेगळी. त्याची गादी कानाभोवती सगळीकडून चिकटली पाहिजे. नेमबाजाला डोळ्यांसाठी चष्मा हवा, आणि चष्म्याची जाड काडी गादीखालून गेली की तेथे फट पडते. फट म्हणजे आवाजाला राजमार्ग! काडी पातळ असावी, केस आणि टोपी बाहेर असावी. रायफलवाल्याची दुसरी अडचण म्हणजे गाल दस्त्याला लावला की इअरमफची वाटी दस्त्यावर आपटून सरकते. त्याने चपट्या वाटीचा घ्यावा, नाही तर बोळ्यांवर भिस्त ठेवावी. पिस्तूलवाल्याला ही कटकट नाही.

मोठे काडतूस असेल, रेंज भिंतींनी बंद असेल, किंवा शेजारच्या माणसाच्या रायफलीला धक्का कमी करणारे ब्रेक लावलेले असेल, तर दोन्ही घालावे, आत बोळे आणि वर इअरमफ. येथे बेरीज मात्र करू नका. ३३ आणि २४ मिळून सत्तावन्न होत नाहीत, मोठ्या आकड्यात पाचएक भर पडते. कारण काही आवाज कवटीच्या हाडांतून थेट आत जातो, त्याला कोणी अडवीत नाही. पण त्या पाचांसाठीही हा खटाटोप करावा.

यांपलीकडे विजेवर चालणारे इअरमफ आहेत. ते बोलणे आत सोडतात आणि बार अडवतात. प्रशिक्षक आणि रेंज अधिकारी यांना आज्ञा ऐकाव्या लागतात, त्यांना ते उत्तम. कारण जो ऐकू यावे म्हणून इअरमफ उचलतो, त्याच्या कानावर नेमका तेव्हाच बार होतो. बाहेरून आवाज घेणारे यंत्र आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूला मात्र चालत नाही, हे घेण्यापूर्वी ध्यानात असावे. गाण्याचे हेडफोन, ज्यांच्यावर आवाज नाहीसा करण्याची बढाई छापलेली असते, ते विमानाच्या घरघरीला ठीक, बंदुकीला उपयोगी नाहीत. कानाच्या मापाचे साचे घेऊन करविलेले बोळे महाग पडतात. ते फोमपेक्षा अधिक आवाज अडवितातच असे नाही, पण रोज घालणाऱ्याला सुखाचे होतात आणि दरवेळी सारखे बसतात.

आकड्यावर विसंबण्याचा एक मोठा धडा अमेरिकेत मिळाला. तेथील सैन्याला दुतोंडी बोळे पुरविण्यात आले होते. आरोप असा झाला की बोळ्याचा दांडा आखूड असल्याने तो काहींच्या कानात नकळत सैल होई, आणि कंपनीने हे ठाऊक असून सांगितले नाही. २०१८ साली थ्रीएम कंपनीने सरकारशी ९१ लाख डॉलरांवर तडजोड केली, आणि २०२३ मध्ये सैनिकांच्या दाव्यांपोटी सुमारे ६०० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. दोष तिने कबूल केला नाही. असो. आम्हाला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की कान प्रत्येकाचा वेगळा, आणि एका मापाचा बोळा फौजेला पुरत नाही. मग तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या बारीक कानात पुरुषाच्या मापाचा बोळा कोंबून 'घातला ना?' असे विचारणाऱ्या शिक्षकाला काय म्हणावे? लहान मापाचे बोळे मिळतात, ते मागवावेत.

खेळाडू आपल्यासाठी निवड तरी करू शकतो. रेंजवर आणखी माणसे असतात, त्यांचे नाव पदकाच्या बातमीत येत नाही. लक्ष्य बदलणारा, काडतुसांची टरफले झाडणारा, नोंदवहीवाला, आणि दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी उभा राहणारा हवालदार. खेळाडूचे साठ बार झाले की तो घरी जातो, ह्यांच्या कानावरून साऱ्यांचे साठ-साठ जातात. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली तेव्हा आवाजाने येणारे बहिरेपण सरकारला कळविण्याच्या रोगांच्या यादीत आले. पण रेंज म्हणजे कारखाना आहे का, असे विचारून आम्हाला वाटेला लावणारे अधिकारी आम्ही पाहिले आहेत. कान जाताना कायद्याचे कलम विचारून जात नाही. आमची मागणी साधी आहे. भिंतींना आणि छताला आवाज शोषणारे अस्तर आधी लावा, कारण आवाज उगमापाशी मोडावा, कानापाशी नव्हे. बोळे प्रवेशशुल्कात द्या. नोकरीवर घेताना प्रत्येकाची श्रवणचाचणी करा आणि दरवर्षी पुन्हा करा. चाचणीच्या आदल्या दिवशी त्याला बारांपासून दूर ठेवा, नाही तर आकडे खोटे येतील. आणि चाचणीचा कागद त्या माणसाच्या हातात द्या, साहेबाच्या कपाटात नको.

जपणुकीचे दोन शब्द. आपल्या वैशाखात इअरमफखाली घाम येतो, म्हणून कोणी रुमाल घालतो. तो घालू नये, फट पडते. गादी कडक झाली किंवा भेगाळली की बदलावी, नेहमी वापरणाऱ्याने सहा महिन्यांनी तरी पाहावी. फोमचे बोळे मळले की टाकावे. कान वाहत असेल तर बोळा नको, डॉक्टर गाठावा.

दाराशी आमच्या कार्यकर्त्याने फोमच्या बोळ्यांचा एक खोका ठेवला आहे. ज्यांची मुले रेंजवर जातात त्यांनी एकेक जोडी न्यावी आणि आधी स्वतःच्या कानात घालून पाहावी, म्हणजे मुलाला शिकविता येईल. नळ डाव्या हाताला, जिन्याखाली आहे.