जुन्या मोटारीचे रबरी सांधे
(नभोवाणीवरील भाषण)



माणूस उतारवयास लागला म्हणजे प्रथम त्याचे सांधे बोलूं लागतात. मोटारीचेंही तसेंच आहे. इंजिन धडधाकट असतें, पत्र्याचा रंगही बरा असतो. परंतु गतिरोधकावरून उतरतांना खालून 'खट्' असा आवाज येतो, सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग सारखें सांवरावें लागतें, आणि ब्रेक दाबला कीं गाडी एका अंगास ओढ घेते. अशा वेळीं पुष्कळदां दोष असतो तो चाकांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी भुजांच्या रबरी सांध्यांत. कारागीर यांना 'बुश' म्हणतात. हा बुश झिजला असतां घरच्या घरीं कसा बदलावा, त्यांत कोठें हात घालावा व कोठें घालूं नये, हें आज आपणांस सांगण्याचें मीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या परिचयाची मारुती ८०० ही गाडी घेऊं. १४ डिसेंबर १९८३ रोजीं ती प्रथम ग्राहकाच्या हातीं पडली, आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. तिचें वजन सुमारें साडेसहाशें किलो. आज या जातीची सर्वांत अलीकडची गाडीही दहा वर्षांच्या पलीकडे गेली आहे. तरी तालुक्याच्या गांवीं आणि खेड्यापाड्यांत ती अजून इमानानें राबत आहे. आपल्या देशांत खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यानें पंधरा वर्षांपुरती असते. पुढें गाडीची तपासणी होऊन ती वाढवून मिळते. तेव्हां जुनी गाडी बाळगणाऱ्यानें तिचे सांधे शाबूत राखणें ही हौस नव्हे, गरज आहे.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकास खालून एक आडवी भुजा धरून असते; कारागिरांच्या भाषेंत ती 'लोअर आर्म'. तिचें आंतलें टोंक एका बोल्टानें गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असतें, व त्या बोल्टाभोंवतीं रबरी बुश असतो. बाहेरच्या टोंकास गोल डोक्याचा सांधा, म्हणजे बॉल-जॉइंट असतो. याशिवाय एक वांकविलेली जाड पोलादी सळई एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे गेलेली असते. तिचीं टोंकें दोहों बाजूंच्या भुजांतून, रबरी बुशांमधून, आरपार जातात. वळणावर गाडी फार कलूं न देणें हें या सळईचें एक काम. आणि ब्रेक दाबला असतां चाक मागें सरकूं न देणें हें दुसरें.

चाकाच्या वरच्या अंगास स्प्रिंग व धक्का शोषणारी नळी मिळून एकच खांब असतो. ही रचना अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन इंजिनिअराच्या नांवानें ओळखली जाते व १९५० च्या सुमारास ती मोटारींत येऊं लागली. घरीं काम करणाऱ्यास तिचा मोठा लाभ असा, कीं स्प्रिंग त्या खांबांतच कोंडलेली असते. खालची भुजा सोडविली म्हणून ती उसळून अंगावर येत नाहीं. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या भुजेवरच दाबून बसविलेली असते, त्यांची भुजा मात्र घरीं मुळींच सोडूं नये. अशी दाबलेली स्प्रिंग सुटली तर प्राण घेऊं शकते.

आतां या सांध्यांत रबर कशासाठीं, तें पाहूं. पूर्वीं अशा ठिकाणीं लोखंडी खिळा धातूच्या बुशांत फिरे, आणि त्यास वरचेवर ग्रीज द्यावें लागे. रबरी बुशाची युक्ति निराळी आहे. त्याच्या आंतली पोलादी नळी बोल्टानें सांगाड्याशीं घट्ट आवळलेली असते. बाहेरची कड भुजेनें धरलेली असते. चाक वरखालीं झालें म्हणजे मधलें रबर तेवढ्यापुरतें पिळलें जातें व पुन्हा सुटतें. तेथें कांहींच फिरत नाहीं, कांहींच घासत नाहीं; म्हणून वंगणाचीही गरज नाहीं. 'बुश फिरत नाहीं, पिळतो' हें वाक्य ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व कामाची किल्ली त्यांतच आहे.

गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ होतें, हें चार्ल्स गुडइअर यास १८३९ मध्यें आढळलें. परंतु टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. उष्णतेनें, हवेंतील प्राणवायूनें व ओझोननें तें कडक होऊन भेगाळतें. इंजिनाचें तेल त्यावर ठिबकत राहिलें तर तें फुगून मऊ पडतें. म्हणून गाडी फार धांवली नसली, नुसती दारांत उभी असली, तरी बुश म्हातारा होतोच.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ आपल्या वृद्ध आईस दर आठवड्यास घाट उतरून रुग्णालयांत नेत असत. उतारावर ब्रेक दाबला कीं त्यांची गाडी डावीकडे, म्हणजे नेमकी दरीच्या बाजूस, ओढूं लागली. कोणी म्हणालें ब्रेक बदला, कोणी म्हणालें गाडीच विका. पाहतां भुजेंतून जाणाऱ्या सळईचा डाव्या बाजूचा बुश पार खलास झालेला. ते मला म्हणाले, "मास्तर, एवढ्याशा रबरानें अख्खी गाडी कशी ओढेल?" उत्तर सोपें आहे. ब्रेक लागला कीं रस्ता चाकास मागें रेटतो. उजवें चाक जागेवर राहिलें आणि डावें बोटभर मागें सरलें, कीं दोन्ही चाकांच्या दिशा जुळेनाशा होतात. माझें म्हणणें त्यांना पटलें, आणि दोन्ही बाजूंचे बुश आम्हीं त्यांच्याच अंगणांत बदलले. घाटांतल्या ब्रेकची भिस्त अशा रबराच्या तुकड्यावरही असते, एवढें यावरून समजावें.

परीक्षा कशी करावी? रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या म्हणजे बुश गेलाच असें नाहीं. रबर पोलादापासून सुटलें आहे काय, बुशाचें भोंक लांबट झालें आहे काय, आणि भुजेच्या सांध्यांत छोटी पहार घालून हलकेंच रेटलें असतां लोखंड लोखंडावर आदळतें काय, हें पाहावें. त्याच वेळीं बॉल-जॉइंटही हलवून पाहावा. तोही ढिला असेल तर बुशाची खटपट न करतां सबंध भुजाच नवी आणावी. बुश बदलावयाचे ते नेहमीं दोन्ही बाजूंचे बदलावे. एक पाय जुना व एक नवा, अशी गाडी सरळ चालत नाहीं.

आतां जिवाची गोष्ट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही, क्षणभरही, शिरूं नये. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. आपल्याकडे गाडीखालीं विटा रचण्याची जी रीत आहे ती फार घातक आहे. वीट पूर्वसूचना न देतां एकाएकीं फुटते. पोलादी घोड्यांची एक जोडी विकत आणावी, नाहींतर भाड्यानें घ्यावी. काम फरशीवर किंवा कोब्यावर करावें, मुरमाच्या उतारावर करूं नये. मागच्या चाकांस पुढून-मागून लांकडी पाचरी द्याव्या, हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्यें ठेवावी. पुढचीं चाकें काढल्यावर तींच दाराखालच्या कडेशीं आडवीं सरकवून ठेवावीं. घोडी घसरलीच तर गाडी त्यांवर अडेल. आणि कोणीतरी मोठें माणूस जवळ असूं द्यावें.

आदल्या रात्रीं गंजलेल्या नटांवर गंज सोडविणारें तेल सोडावें. दुसरे दिवशीं गाडी जमिनीवर उभी असतांनाच एक माप घ्यावें: चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर. हें कागदावर लिहून ठेवावें. त्याचा उपयोग पुढें सांगतों. मग चाकांचे नट किंचित् ढिले करून पुढचीं दोन्ही चाकें उचलावीं. एकच चाक उचललें तर ती आडवी सळई पिळलेली राहते व नट सोडतांना झटका देते.

प्रथम सळईच्या टोंकाची स्प्लिट-पिन काढून नट सोडावा. वॉशरांची बाजू व क्रम कागदावर चितारून ठेवावा. नंतर बॉल-जॉइंटचा बोल्ट संपूर्ण बाहेर काढावा. तो सांध्याच्या खांचेंत अडकलेला असतो, नुसता ढिला करून भागत नाहीं. शेवटीं आंतला बोल्ट काढला कीं भुजा हातांत येते.

भुजेंतील जुना बुश हातोड्यानें ठोकून काढूं नये, भुजा वांकते. जाळूनही काढूं नये; त्या धुरानें घसा व फुप्फुसें बिघडतात. एक लांब आंट्यांची सळई, दोन नट, जाड वॉशर, आणि दोन नळीचे तुकडे घ्यावे. एक तुकडा बुशापेक्षां किंचित् मोठा, दुसरा भोंकांतून जाईल एवढा. नट आवळूं लागलें म्हणजे लहान तुकडा बुशाला ढकलतो व मोठा तुकडा त्याला पोटांत घेतो. बाकावरच्या व्हाइसनेंही हेंच काम होतें. बुश हलविण्यापूर्वीं तो भुजेच्या कडेपासून किती आंत-बाहेर आहे तें पट्टीनें मोजावें. नवा तेवढाच बसला पाहिजे. भोंक तारेच्या ब्रशानें स्वच्छ करून साबणाच्या पाण्यानें ओलें करावें, म्हणजे नवा बुश सरकतो. येथें तेल किंवा ग्रीज मात्र लावूं नये. तें रबराचें शत्रु आहे.

भुजा परत बसविली, सर्व बोल्ट घातले. आतां नवशिक्याच काय, पुष्कळ जाणते हातही एक घाई करतात: चाकें हवेंत लोंबकळत असतांनाच आंतला बोल्ट कचकचून आवळतात. आपलें वाक्य आठवा: बुश फिरत नाहीं, पिळतो. बोल्ट ज्या स्थितींत आवळला जाईल ती त्या रबराची विश्रांतीची स्थिति ठरते.

थोडें गणित करूं. समजा, भुजा ३० सेंटिमीटर लांब आहे, आणि चाक हवेंत असतां तिचें टोंक नेहमींपेक्षां ८ सेंटिमीटर खालीं लोंबतें. म्हणजे भुजा सुमारें १५ अंशांनीं कललेली आहे. तशीच आवळली, तर गाडी जमिनीवर टेकतांक्षणीं रबर १५ अंश पिळलें जाईल, आणि गाडी दारांत उभी असली तरी रात्रंदिवस तसेंच पिळलेलें राहील. पुढें खड्ड्यांत चाक आणखी १५ अंश वर गेलें, कीं पीळ ३० अंशांचा होईल. तेंच गाडीचें वजन चाकांवर असतां बोल्ट आवळला, तर उभ्या गाडीच्या रबरास पीळच नाहीं, आणि खड्ड्यांत पीळ १५ अंशांचाच. बुश तोच, रस्ता तोच. परंतु एक पुष्कळ दिवस टिकेल व दुसरा लवकर फाटेल.

म्हणून त्या वेळीं बोल्ट हातानें लागेल तेवढाच लावावा. चाकें चढवून गाडी खालीं उतरवावी, पुढचा भाग दोन-तीनदां दाबून सोडावा, गाडी हातभर पुढें-मागें ढकलावी. मग पुन्हा पाचरी देऊन बाजूनें हात घालून बोल्ट पक्का आवळावा. हात पोंचत नसेल, तर गाडी घोड्यांवर असतांनाच भुजेच्या बाहेरच्या टोंकाखालीं जॅक लावून ती हळूहळू उचलावी. लिहून ठेवलेलें माप जुळलें कीं तेथें आवळावें. मात्र गाडी घोड्यांवरून उठूं लागली तर तेथेंच थांबावें. किती जोरानें आवळावें याचे आंकडे कारखान्याच्या पुस्तकांत असतात. त्याप्रमाणें जोर दाखविणारा पाना वापरावा. स्प्लिट-पिन नेहमीं नवी घालावी. जुनी वांकवून पुन्हा घातली तर ती केव्हां तुटेल याचा नेम नाहीं.

यानंतर रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक लावून पाहावा, आणि चाकांची दिशा यंत्रावर जुळवून घ्यावी. हें शेवटचें काम घरीं होत नाहीं, व टाळूंही नये. शे-दोनशें किलोमीटर झाल्यावर सर्व नट पुन्हा तपासावे.

कांहीं ठिकाणीं मात्र आपण होऊन थांबावें. बोल्ट गंजून आंतच तुटला, किंवा कोंकणासारख्या खाऱ्या हवेंत भुजा जेथें जोडतात तेथला पत्राच खाल्ला गेला असेल, तर तें काम जाणत्या कारागिराचें. त्याच्याकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. उलट काय बिघडलें आहे हें आपणांस ठाऊक असल्यानें त्याच्याशीं चार शब्द नीट बोलतां येतात, आणि नको तें काम गळ्यांत पडत नाहीं.

जुनी वस्तु टाकून देणें सोपें आहे. परंतु ज्या घरास नवी गाडी परवडत नाहीं, त्या घराचा रुग्णालयाचा, शाळेचा, बाजाराचा रस्ता या जुन्या गाडीवरच अवलंबून असतो. तिच्या सांध्यांचें दुखणें वेळेवर ओळखलें, तर चार लहानशा रबरांत तें बरें होतें. मात्र बोल्ट आवळतांना गाडीचा भार चाकांवर असूं द्या, आणि आपण गाडीखालीं असतां तो भार कधींही जॅकवर असूं देऊं नका. एवढ्या दोन गोष्टी आजच्या भाषणांतून आपल्या ध्यानांत राहिल्या तरी पुरे.