चूक कोर्टाची, दिवस कैद्याचे



आज पदवी हाती घेतलेल्या तुमच्यापैकी फार थोडे वकील होतील. तरी मी आज कोर्टाविषयीच बोलणार आहे. गावात पदवी घेतलेलं एखादं पोर असलं, की पोलीस ठाण्यातून निरोप आल्यावर शेजारीपाजारी आधी त्याच्याच दारात येतात.

कोर्टानंच चूक केली, तर माणसाची कोठडी बेकायदा ठरते का?

प्रत्येक चुकीनं नाही. आदेशात तारीख चुकली, कलम चुकलं, तर ते दुरुस्त करता येतं. पण ज्या न्यायाधीशाला अधिकारच नव्हता त्यानं आदेश दिला, तर त्या आदेशाला आधारच उरत नाही.

2018 साली भीमा कोरेगाव प्रकरणात वकील आणि कार्यकर्त्या सुधा भारद्वाज यांना अटक झाली. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली दोषारोपपत्र 90 दिवसांत यावं लागतं, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. कोर्ट ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. पुण्यात ती ज्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी वाढवली, ते राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) कायद्याखाली नेमलेले विशेष न्यायाधीश नव्हते. आणि असं विशेष न्यायालय तर पुण्यातच होतं! 1 डिसेंबर 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एस. एस. शिंदे आणि न्या. एन. जे. जमादार यांनी ती मुदतवाढ अधिकाराबाहेरची ठरवून जामीन दिला. सुप्रीम कोर्टानं तो कायम ठेवला. 9 डिसेंबरला त्या भायखळा तुरुंगातून बाहेर आल्या, तोवर तीन वर्षं उलटली होती.

त्याच निकालात आणखी आठ जण होते. आपल्या नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि प्रा. शोमा सेन त्यांच्यातलेच. चूक त्याच कोर्टाची, पण त्यांना तेव्हा जामीन मिळाला नाही. भारद्वाज यांचा अर्ज दोषारोपपत्राआधीच कोर्टात होता, या आठांचे अर्ज नंतरचे. जामिनाचा हा हक्क वेळेत मागितला तरच टिकतो, हे सुप्रीम कोर्टानं 2001 साली उदय आचार्य खटल्यात सांगून ठेवलं होतं.

मला हे आजही पटत नाही. चूक कोर्टाची आणि ती वेळेत पकडायची जबाबदारी आत बसलेल्या माणसाची, हा कुठला न्याय? गडलिंग स्वतः फौजदारी वकील. त्यांच्यावर ही पाळी आली, तर आपल्या मंगरूळपीर तालुक्यातल्या शेतमजुराला मुदत संपल्याचा दिवस कोण सांगणार? 2020 सालच्या एम. रवींद्रन निकालात सुप्रीम कोर्टानं ते काम न्यायालयावरही टाकलं आहे : हक्क निर्माण होताच आरोपीला तसं सांगा. प्रत्येक तालुका कोर्टात हे झालंच पाहिजे.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. ओळखीचं कुणी अटकेत गेलं, की पहिल्या रिमांडची तारीख वहीत लिहा. तिथून दिवस मोजा. गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90. तोवर दोषारोपपत्र आलं नाही, तर दुसऱ्याच दिवशी जामिनाचा लेखी अर्ज कोर्टात जाऊ द्या. वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.