तळ्याकाठची घरं



सोलापूरच्या माणसानं जंगलावर बोलायचं म्हणजे पोहणं शिकवायला वाळवंटातला गुरुजी. आपलं रान म्हणजे नान्नजचा माळ. गुडघ्याएवढं गवत, आणि त्यात कधीमधी दिसायचा तो माळढोक पक्षी. तरीही अरण्यऋषी मारुती चितमपल्ली याच शहरात जन्मले, १९३२ साली. आणि २०२५च्या जूनमध्ये त्यांनी देह ठेवला तोही इथंच. मधली वर्षं नवेगाव, नागझिरा, मेळघाटच्या जंगलांत. त्यांची पुस्तकं वाचूनच मी एका उन्हाळ्यात दौंडला गाडी बदलून गोंदियाची वाट धरली.

तिकडच्या नागझिरा अभयारण्याच्या ऐन गाभ्यात एक तळं आहे आणि काठावर वनखात्याची जुनी विश्रामगृहं. निलय, मधुकुंज, लताकुंज अशी त्यांची नावं. एक ओंडक्यांचं घर, त्याला सगळे लॉग हटच म्हणतात. पूर्वी साहेब लोक घोड्यावरून, बैलगाडीनं दौऱ्यावर निघत. दिवसभराच्या मजलेनंतर पाठ टेकायला जागा हवी, म्हणून रानोरानी अशी घरं उभी राहिली. पाणी जवळ हवं, ही पहिली अट. जनावरांचीही अट तीच, त्यामुळे व्हरांड्यातली खुर्ची हेच मचाण!

लेखक व्यंकटेश माडगूळकर इथं मुक्काम करून राहिले आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक झालं. माडगूळकर आमच्या आकाशवाणीचे, पुणे केंद्रावरचे. तेव्हा एवढा अभिमान चालवून घ्या.

मी गेलो तेव्हा तिथं वीज नव्हती. पंखा नाही म्हणून पहिल्या रात्री मी मनातल्या मनात चिडलो. दुसऱ्या रात्री कळलं, दिवा नसल्यामुळेच तळ्यावर सांबरं निर्धास्त उतरत होती. जुनी वास्तू जपायची म्हणजे आपण रंग काढतो, फरशी बसवतो, आवारात झगझगीत दिवे लावतो. इथं जपण्यासारखा होता तो अंधार. नान्नजलाही हेच लागू आहे. माळावर झाडं लावणं हे आपल्याला पुण्यकर्म वाटतं; माळढोकाला मात्र मोकळं गवत लागतं, चारी दिशांना लांबवर दिसणारं.

निघायच्या आदल्या रात्री खानसाम्यानं जेवण वाढलं, कंदिलाची वात उतरवली आणि दाराशी थांबून म्हणाला, “रातीले बाहेर नका जाऊ साहेब. मोहाखाली अस्वल येते.”

मी दार लावलं, खिडकी मात्र उघडी ठेवली.