आजीचे नाव, नातीचे नाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'मुलीचे नाव' एवढेच कळविले होते. त्यावर त्यांचे उत्तर आले, "बारसे कोणाकडे आहे?" बारसे खरोखरच होते, पण ते येथून फार दूर, इस्राएल देशातल्या अश्दोद शहरी. त्या बारशाचा पेच माझ्याकडे कसा आला, तेथून सुरुवात करतो.

माझे एक स्नेही बेने इस्राएल आहेत. बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे आपले ज्यू. त्यांची रेल्वेतली निम्मी नोकरी मलकापूर-शेगाववरून जाणाऱ्या आपल्या याच मार्गावर झाली. आता ते ठाण्यास असतात. मुलगा अश्दोदला आहे. त्याला मुलगी झाली आणि घरात आनंद झाला. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ वादही आला. सूनबाई म्हणाल्या, नाव हिब्रू हवे, सुटसुटीत हवे, शाळेत मुली हसता कामा नयेत. त्यांनी 'नोआ' हे नाव काढले होते. इकडे ठाण्याला स्नेह्यांच्या मातोश्री, वय नव्वदीच्या पुढे. त्यांचे म्हणणे एकच: "माझ्या आजेसासूबाईंचे नाव ठेवा." आजेसासूबाईंचे नाव होते लाडूबाई!

स्नेह्यांनी मला गाठले. "गुरुजी, तुम्ही जन्मभर मराठी शिकवलीत. लाडूबाईला हिब्रू नाव सांगा, म्हणजे दोन्ही बाजू राहतील." मी हसलो, आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बसलो. तेथे जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ही मंडळी कोण हे थोडक्यात सांगतो. त्यांची परंपरा अशी की, पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले, पोथी गेली, भाषाही हळूहळू गेली. हे लोक कोकणात घाणा चालवून तेल गाळू लागले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. आडनावे गावांवरून पडली: रोहेकर, पेणकर, किहीमकर, अष्टमकर, नवगावकर. गाव बदलले की आडनाव बदलते. धर्म मात्र बदलला नाही.

आता पहिल्या नावाकडे येऊ. मुलग्याचा प्रश्न सोपा होता. आठव्या दिवशी सुंता व्हायची आणि त्याच वेळी शास्त्रोक्त नाव ठेवले जायचे. ते नाव बायबलातलेच. पण कोकणच्या तोंडात पडून त्याचे रूप पालटे. अब्राहामचा अबाजी झाला, शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, एलियाचा एलोजी. मुंबईत १७९६ साली बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे, इंग्रजी पलटणीतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे समाजी हसाजी दिवेकर या नावानेही ओळखले जात. अंगरखा मराठी, आतला देह हिब्रू, अशी ही पुरुषांची नावे.

आणि मुलीचे? मुलीला सुंतेसारखा संस्कार नाही. ती पाळण्यात पडे, आयाबाया जमत, आणि नाव ठेवीत ते बहुधा आळीतल्या शेजारणीच्या मुलीसारखेच. त्या काळच्या बेने इस्राएल बायकांची नावे पाहिली तर पुष्कळशी शुद्ध मराठी आहेत. पुरुषाच्या नावाची साल काढली तर आत अब्राहाम सापडतो; लाडूबाईची साल काढली तर आत लाडूबाईच सापडते!

येथे एक मोठी मौज आहे, आणि माझ्या भाषणाचा गाभाही तोच आहे. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मूल ज्यू ठरते ते बापावरून नव्हे, आईवरून. म्हणजे ज्या साखळीने हा समाज एवढी शतके टिकला, तिची प्रत्येक कडी एक स्त्री होती. आणि त्या कड्यांवर नाव कोरलेले होते मराठी. शनिवारी चूल पेटवायची नाही, खवले नसलेला मासा घरात आणायचा नाही, आणि 'शेमा' ही प्रार्थना मुलाला शिकवायची, हे सारे कोणी सांभाळले? हिब्रूचे एक अक्षर वाचता न येणाऱ्या या बायांनी. नाव हिब्रू नसतानाही माणूस ज्यू राहू शकतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मग मुलींना हिब्रू नावे आली केव्हा? ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आली. १८३२ साली मुंबईच्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत छापले. बायबल मराठीत आले. धर्मांतराच्या हेतूने आलेल्या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. बेने इस्राएलांनी विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. आपल्याच ग्रंथातल्या थोर स्त्रिया त्यांना आपल्याच मातृभाषेत भेटल्या: सारा, रिबका, राहेल, मिर्याम, दबोरा, हन्ना. १८७४ साली पुण्यास वल्हांडण सणाची पोथी छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत सणाच्या भाकरी करणाऱ्या बाया आहेत, आणि त्या लुगडी नेसलेल्या आहेत.

या नावांचे अर्थही पाहण्यासारखे आहेत. सारा म्हणजे राजकन्या. आपल्याकडे मात्र सारा म्हटला की तलाठी आठवतो! राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, तामार म्हणजे खजुरी, हन्ना म्हणजे कृपा. 'दीना' हे त्यांच्याकडे न्यायाशी जोडलेले नाव. मराठी कानाला ते बिचारे दीनवाणे वाटते. उलट 'नामी' पाहा. रूथच्या सासूचे हे नाव; हिब्रूत त्याचा अर्थ रम्य, गोड, आणि मराठीत तर ते नामीच! तीच नामी नवरा आणि मुलगे गेल्यावर गावी परतते आणि बायकांना सांगते की, मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणजे कडू म्हणा. नाव आणि नशीब जुळेना तेव्हा माणसाला नावच टोचू लागते, हे त्या जुन्या कथाकाराला पक्के ठाऊक होते.

नव्या नावांच्या पहिल्या पिढ्यांतून केवढ्या स्त्रिया निघाल्या! रेबेका रूबेन या १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आल्या, आणि पुढे १९२२ ते १९५० मुंबईच्या बेने इस्राएल शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. दुसऱ्या डॉक्टर जेरुशा झिराड. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जेरुशा हे बायबलातल्या एका राजमातेचे नाव, आणि त्या शब्दाचे मूळ आहे 'वारसा' या अर्थाच्या धातूत. मुलीचे नाव वारसा! हा शब्द आपण ध्यानात ठेवा. मला तो पुन्हा लागणार आहे.

याच काळात उलट्या वाटेनेही काही जणी गेल्या. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, बगदादी ज्यू घराण्यातल्या, मूकपटात आल्या आणि 'सुलोचना' झाल्या. त्याच नावाने त्यांनी देश जिंकला. मिरियम जेकब मेंद्रेकर या बेने इस्राएल मुलीने विवाहानंतर मीरा महादेवन हे नाव घेतले. १९६१ साली त्यांनी 'अपना घर' ही आपल्या समाजावरची कादंबरी हिंदीत लिहिली, आणि १९६९ साली दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे सुरू केली. मिरियमची मीरा झाली. पण कादंबरीचे नाव पाहा, 'अपना घर'! घर काही सुटले नाही.

एका मुलीला दोन नावे असणे ही गोष्ट ज्यूंना नवी नाही. एस्तेर राणीचे हिब्रू नाव हदास्सा. परक्या राजाच्या महालात ती एस्तेर या नावाने वावरली आणि आपले कुळ तिने सांगितले नाही. जिवावर बेतले तेव्हा मात्र उभी राहून सांगितले, आणि लोकांचे प्राण वाचविले. बाहेरचे नाव खोटे नव्हते. वेळ आली तेव्हा आतले विसरलेली नव्हती, एवढेच.

पण नाव लादले जाते तेव्हा काय होते, तेही सांगितले पाहिजे. १९३८ साली जर्मनीत नाझी सरकारने फर्मान काढले: ज्या ज्यू स्त्रीचे नाव सरकारी यादीत बसत नाही, तिने पुढच्या वर्षापासून आपल्या नावाला 'सारा' जोडावे, आणि पुरुषाने 'इस्राएल'. राजकन्या असा अर्थ असलेला शब्द गुरांना मारावा तसा डाग झाला. कोकणात लाडूबाईला कोणी असा डाग दिला नाही. तिने शेजारणीचे नाव घेतले ते भीतीने नव्हे, शेजारधर्माने. नाव आपण होऊन घेणे आणि नाव कोणी अंगावर मारणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता घडीभर साठ वर्षे मागे चला. बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले होते. तेथे १९६२ साली धर्मपीठाने आज्ञा काढली की, बेने इस्राएलांचा इतरांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागे जाऊन कुळाची चौकशी करावी. कल्पना करा, अधिकारी विचारतो आहे, "तुझ्या आजीच्या आईचे नाव?" आणि मुलगी कोकणातले एक मराठी नाव सांगते आहे! ज्या बाईने धर्म राखला, तिचेच नाव संशयाचे कारण व्हावे? समाजाने चळवळ केली, सत्याग्रहासारखा ठिय्या दिला. आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ठराव करून सांगितले की, बेने इस्राएल सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत. लाडूबाया जिंकल्या.

हे सारे मी स्नेह्यांच्या घरी जाऊन सांगितले. मातोश्री ऐकत होत्या. म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा मला काही येत नव्हते. शुक्रवारचा दिवा कसा लावायचा ते लाडूआजीने हात धरून शिकवले. तिचे नाव कोणी ठेवणार नाही, तर ती होती हे कळणार कसे?" आता पाहा, हा हट्ट नव्हता. नव्वद वर्षांची बाई हिशेब मांडीत होती: माझ्यानंतर हे नाव कोणाच्याही तोंडी नाही.

मग मी सूनबाईंच्या 'नोआ'ची गोष्ट काढली. जलप्रलयातला नोहा तो निराळा. नोआ ही बायबलातल्या पाच बहिणींपैकी एक: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा. बाप वारला, भाऊ नाही. या पाचजणी मोशेपुढे, साऱ्या जमावादेखत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का पुसले जावे? आमचा वाटा आम्हाला द्या. आणि तो मिळाला. वारसा मुलीलाही चालविता येतो, असे सांगणारी ही नोआ. मातोश्री जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेवा नोआ. पण पुस्तकात लाडूबाई लिहा."

पुस्तक म्हणजे घरची प्रार्थनेची पोथी. तिच्या कोऱ्या पानावर घरातल्या जन्मांची नोंद होती. तीन पिढ्यांचे मुलगे होते, सुना नव्हत्या. स्नेह्यांनी त्याच दिवशी आईच्या सांगण्यावरून एकेक नाव लिहिले: सर्वांत वर लाडूबाई, सर्वांत खाली नोआ. त्या पानाचे छायाचित्र अश्दोदला गेले. माझ्याकडे मागितलेला हिब्रू प्रतिशब्द मला अखेर सापडला नाही, आणि त्याची गरजही उरली नाही.

श्रोतेहो, आपण म्हणाल, हा ज्यूंचा प्रश्न. बुलढाणा जिल्ह्याला त्याचे काय? आपला जिल्हा सिंदखेडराजाचा आहे. जिजाऊ कोणाच्या कन्या विचारले तर लहान मूलही लखुजी जाधवांचे नाव सांगेल. पण त्यांच्या आईचे नाव? म्हाळसाबाई. किती जणांच्या तोंडी पटकन आले? आपल्या वंशावळी काढून पाहा. बापामागे बाप, सगळे पुरुष. लग्नात ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहायचे, आणि माहेरचे नाव त्या तांदळातच मिटायचे, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या झाले. लाडूबाई आपल्याही घरात आहेत, आणि त्यांची पोथी कोरीच आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. मुलीचे नाव हिब्रू ठेवा, संस्कृत ठेवा, ठेट वऱ्हाडी ठेवा. अर्थ पाहून, आवडीने ठेवा. मात्र ते ठेवताना मागच्या बाईचे नाव पुसू नका. आज घरी गेल्यावर आजी जागी असेल तर तिला विचारा, "आजी, तुझ्या आईचे नाव काय होते?" आणि ते कोठेतरी लिहून ठेवा. उद्यावर टाकू नका. नव्वदीच्या माणसाजवळ उद्या थोडेच असतात.