ऑपरेशननंतरचं ताट

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया बहुधा मोठ्या शहरात होते. पुढची वर्षं मात्र आपल्याला इथे परभणीतच काढायची असतात. लहान झालेल्या जठरात आधी घट्ट वरण, अंडं, पनीर. भाकरी मागून, तीही चतकोर, नीट चावून. आपल्या कृषी विद्यापीठाची २०१८ची ‘परभणी शक्ती’ ज्वारी लोह-जस्तात सरस, तरी ती गोळीची जागा घेत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभराची.

खरी कसोटी दोन-तीन वर्षांनी. वजन पुन्हा चढू लागतं, माणूस लाजेनं तपासणी टाळतो. तेव्हा त्याच वाटेनं गेलेला सोबती हवा. लग्नाच्या पंगतीतला आग्रह कसा परतवायचा, हे तोच सांगू जाणे! अशा चौघांनी महिन्यातून एकदा बसावं. मात्र सतत उलट्या, हातापायांना मुंग्या असतील, तर गप्पा नकोत. थेट डॉक्टरांकडे जावं.