रात्री काही झालं तर कुणाला फोन करू?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवलं. तेव्हा आम्ही सर्रास 'मतिमंद' म्हणायचो. शाळेच्या पाटीवरही तोच शब्द होता. आता तो बदलला, हे बरंच झालं. पण पालकसभेतला एक प्रश्न मात्र तसाच राहिला. सभा संपते, चहा होतो, मंडळी पांगतात. एखादी आई चपला घालता घालता रेंगाळते आणि हळू आवाजात विचारते, "बाई, आमच्यामागं याचं काय?"

या प्रश्नाची आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, भाऊ-बहीण बघतील. दुसरं, एखाद्या संस्थेत ठेवू. भाऊ पुण्यात दोन खोल्यांत राहतो, नवरा-बायको दोघं नोकरीला. त्याला दोष कसा द्यायचा? आणि संस्थांचं म्हणाल तर चांगल्या संस्था आहेत, पण थोड्या आणि लांब. शिवाय चाळीस वर्षं एका गल्लीत वाढलेला माणूस तिथून उचलून दुसऱ्या जिल्ह्यातल्या खोलीत नेऊन ठेवायचा, तर त्याची गल्ली, त्याचा दुकानदार, त्याचं देऊळ, सगळंच जातं. त्याला ते बोलून सांगताही येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका बाई आहेत, वय अडुसष्ट. यजमान नाहीत. मुलगा एक्केचाळीस वर्षांचा, माझा जुना विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. चार दिवस मुलाला ठेवायचं कुठं? शेजारच्या वहिनींनी ठेवून घेतलं. चार दिवस निभावले. जेवायला त्याला त्याचंच ताट लागायचं, ते बाईंनी आधीच पाठवलं होतं. एक सवय मात्र सांगायची राहिली होती. दारातल्या सगळ्यांच्या चपला, बूट तो जोडीजोडीनं ओळीत लावतो. आल्यागेल्याच्यासुद्धा. सकाळी शाळेच्या घाईत वहिनींची मुलं स्वतःचे बूट शोधत फिरायची. तिसऱ्या दिवशी तीही ओळीत बघायला शिकली.

पुढं मी वहिनींना सहज विचारलं, काकू थकल्यावर याला कायमचं ठेवून घ्याल का? त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, "बाई, दोन भाकरी जास्त टाकायला काय लागतं? पण मध्यरात्री त्याला फिट आली, नाहीतर तो चिडून बसला, तर मी कुणाला फोन करू?"

हा प्रश्न ऐकला आणि मला बेल्जियममधलं एक गाव आठवलं. अँटवर्प प्रांतातल्या या गावाचं नाव गेल. तिथले लोक हे नाव घशातून, जवळजवळ 'खेल' असं उच्चारतात म्हणे. आपण आपल्या रीतीनं तिथल्या माणसांना गेलकर म्हणू या.

या गावाची एक दंतकथा आहे. डिम्फ्ना नावाची आयर्लंडची राजकन्या. आई वारल्यावर बापाचं डोकं फिरलं आणि तो मुलीशीच लग्न करायला निघाला. ती समुद्र ओलांडून गेलला पळून आली. बापानं तिथं गाठून तिचा शिरच्छेद केला. पुढं ती मनोरुग्णांची संत ठरली. तिच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लांबून माणसं आणली जाऊ लागली. नऊ दिवसांचं अनुष्ठान असायचं, त्यासाठी चर्चला लागून खोल्या होत्या. त्या भरल्या की उरलेल्यांना गावकरी घरी नेत. आपल्याकडं जत्रेला आलेला पाहुणा घरी उतरतो, तसं. काही पाहुणे नऊ दिवसांनंतरही परत गेले नाहीत. घरात राहिले, शेतात राबू लागले. हे गेली कित्येक शतकं चालू आहे.

या पाहुण्यांत मनोरुग्ण होते, तसेच बौद्धिक अक्षम माणसंही फार मोठ्या संख्येनं होती. गेलकर त्यांना रुग्ण म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आपल्या 'घरी जेवायला-राहायला असलेला माणूस' या अर्थाचा आहे. नव्या पाहुण्याच्या रोगाचं नाव घरच्यांना सहसा सांगत नाहीत. त्याच्या सवयी, गरजा सांगतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आमच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी फाइलवर बुद्ध्यंक लिहिलेला असायचा. खरं सांगते, तो आकडा एकदा वाचला की मूल दिसायचं बंद व्हायचं.

तिथली एक गोष्ट एका अमेरिकन अभ्यासक बाईंनी सांगितली आहे. एका घरातला पाहुणा रोज शर्टाची बटणं पिळून पिळून तोडायचा. घरची बाई रोज रात्री ती परत शिवायची. या बाईंनी सुचवलं, मासेमारीच्या दोऱ्यानं शिवा, तुटणार नाहीत. घरच्या बाईला ते मुळीच पटलं नाही. त्याला बटणं तोडायची गरज आहे, मग तोडू द्यावीत, असं तिचं म्हणणं. मला लगेच चपलांची ओळ आठवली.

पण श्रोतेहो, गेलच्या गोष्टीचा एवढाच भाग सांगितला तर मी तुमची फसवणूक केली असं होईल. हे गाव नुसत्या दयेवर चाललेलं नाही. १८५० साली बेल्जियम सरकारनं ही व्यवस्था आपल्याकडं घेतली. १८६२ मध्ये गावातच इस्पितळ उभं राहिलं. तेव्हापासून घर आणि इस्पितळ अशी जोडी आहे. घराला रोजचा माफक भत्ता मिळतो. परिचारिका ठरावीक दिवसांनी घरी येते. पाहुण्याचं बिनसलं तर त्याला काही दिवस इस्पितळात नेतात, सावरला की तो आपल्या घरी परत येतो. म्हणजे आमच्या वहिनींनी विचारला तो फोन नंबर तिथल्या घराजवळ असतो. त्या जोरावर माणसं पंचवीस-तीस वर्षं एकेका घरात राहतात. म्हातारं जोडपं गेलं की त्यांचा मुलगा किंवा मुलगी त्या पाहुण्याला पुढं सांभाळते.

ओसरतीची बाजूही सांगायला हवी. १९३८ साली गावात ३,७०० च्या वर पाहुणे होते. आज हा आकडा तीनशेच्याही खाली आहे. शेती कमी झाली, बायका नोकरीला लागल्या. या कामाचा मुख्य भार बायकांवरच होता, हे तिथंही खरं आहे. २०२३ मध्ये युनेस्कोनं गेलच्या परंपरेची जतनाच्या चांगल्या पद्धतींच्या यादीत नोंद केली. सन्मान झाला, पण त्यामुळं दर घरी एक रिकामी खोली थोडीच निर्माण होते? ब्रिटनमध्ये मात्र अशाच विचाराची योजना गावोगावी चालते. घराची तपासणी होते, माणूस आणि घर यांची आधी ओळख करून देतात, भत्ता देतात. एका घरात तीनांहून जास्त माणसं ठेवत नाहीत.

आपल्याकडं काय आहे? १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. 'निरामय' हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. दोन्ही गोष्टी पालकांनी जरूर कराव्यात, आजच कराव्यात. पण पालकत्वाचा कागद संध्याकाळी भात वाढत नाही. परक्या कुटुंबानं मूल सांभाळण्याची, म्हणजे प्रतिपालनाची, तरतूद बालन्याय कायद्यात आहे, पण ती अठराव्या वर्षापर्यंतच. आणि आमच्या मुलांचा खरा प्रश्न अठरानंतर सुरू होतो.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी हाच मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरला. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी स्वतःचं नाव दिलं, आणि अठरा वर्षं झाली म्हणून त्यांना घराबाहेर काढायला ते तयार झाले नाहीत. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापुढं हात जोडावेत. पण शंभराहून अधिक लेकरांचा बाप एकच माणूस किती ठिकाणी होणार? त्यापेक्षा प्रत्येक तालुक्यात तयार दहा घरं, त्यांना थोडा भत्ता, महिन्याला घरी येणारी एक ताई आणि रात्री उचलला जाणारा एक फोन, हे जास्त जमण्यासारखं आहे. दहा नकोत, पाच घरांपासून करून बघावं.

माझ्या ओळखीच्या बाईंनी त्यांच्यापुरतं सुरू केलं आहे. आता दर गुरुवारी मुलगा वहिनींकडं जेवतो. महिन्यातून एक रात्र तिथं झोपतो. बाईंनी एक वही केली आहे. गोळ्या कधी, कुकरच्या शिट्टीला घाबरतो, केस कापायला कुठल्या न्हाव्याकडं जातो, सगळं लिहिलं आहे. पहिल्या पानावर वहिनींसाठी तीन फोन नंबर आहेत. एक डॉक्टरांचा, एक कोल्हापूरच्या मामाचा. तिसरा माझा आहे. मला या आषाढात बहात्तर पुरी झाली.